कोतो वॉर्डातल्या एकवीस पत्री

शनिवार, ३ ऑगस्ट

जपानमधल्या आमच्या मराठी मंडळाची मीटिंग. गणपती सात सप्टेंबरला, शनिवारीच, म्हणजे कोणाला रजा काढायला नको. कम्युनिटी सेंटरचा हॉल मिळाला. अध्यक्ष विजयकुमार म्हणाले, सगळं मागच्या वर्षीसारखंच करू. मागच्या वर्षी या गृहस्थांनी एकवीस पत्रींच्या जागी सुपरमार्केटमधली शिसोची पानं वाहिली. दहा-दहाची दोन पाकिटं आणि एकविसावं पान पालकाचं. इकडे मंत्र आणि हॉलभर सुशीच्या दुकानाचा वास. बाप्पा काही बोलत नाहीत म्हणून काय वाटेल ते खपवायचं.

मी उभा राहिलो आणि जाहीर केलं: यंदा एकवीसच्या एकवीस पत्री खऱ्या, ताज्या, याच वॉर्डातल्या. आणणार मी. टाळ्या पडल्या. विद्याने वाजवल्या नाहीत. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण नवरा भरसभेत उभा राहिला की ती अजून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते.

रविवार, ४ ऑगस्ट, सकाळी ७.१०

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं कारण लिहून ठेवतो. नेत्रा. यंदा सहावीत. मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते, तेही एका शब्दात. जूनमध्ये शाळेत निबंध होता, वडिलांकडून मी काय शिकले. तिने लिहिलं: इंटरनेट बंद पडलं की राउटर दहा सेकंद बंद ठेवून परत लावायचा. विद्याने मला हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

गणपतीच्या दिवशी मी एकेक पत्रीचं नाव घेणार, पान वर धरून दाखवणार. नेत्रा ताट घेऊन शेजारी उभी असेल. आपल्या बापाला काहीतरी येतं, हे तिला एकदा दिसलं पाहिजे. एवढंच हवं आहे.

संकल्प: रोज पाचला उठणे. (आज सुट्टी म्हणून सात.)

सोमवार, ५ ऑगस्ट

पोथीतली यादी छापून घेतली. मालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी... यातल्या तुळस आणि दूर्वा मी नक्की ओळखतो. तुळस आमच्याच बाल्कनीत आहे. म्हणजे दहा टक्के काम घरबसल्या झालं. उरलेल्यांसाठी झाडं ओळखायचं अॅप घेतलं. तेहतीस दिवस, एकोणीस पत्री. अख्ख्या बँकेचा डेटा मी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेला आहे, ही तर पानं.

विद्या म्हणाली, कश्मिराला विचार. कश्मिरा मंडळातलीच, इथल्या युनिव्हर्सिटीत झाडांवर संशोधन करते. पण तिचं काम भातावर. भात ही पत्री नाही.

शनिवार, १० ऑगस्ट

पाचचा गजर लावला होता. साडेआठला बाहेर पडलो. छत्तीस डिग्री.

दूर्वा: पार्कात, फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला. सापडल्या.

देवदार: पार्कातच, खांबासारखा सरळ, त्यावर पाटीसुद्धा, हिमालयातला म्हणून. फांदी वाकवली तर रखवालदार आला, वाकला, आणि काहीतरी फार नम्रपणे बोलला. मीही वाकलो. तो परत वाकला. असं तीनदा झाल्यावर खाली पडलेली डहाळी उचलून घरी आलो.

पिंपळ: आणि हा खरा शोध. आमच्याच मागच्या गल्लीत, रस्त्याच्या कडेला ओळीने चार. तेच हृदयाच्या आकाराचं पान, तेच टोक, तीच सळसळ. अॅप म्हणतं नानकिनहाझे म्हणून काहीतरी, ९६ टक्के. अॅपला संस्कार नाहीत. गेली सहा वर्षं मी या पिंपळाखालून स्टेशनला जातोय आणि एकदाही हात जोडले नाहीत. आजपासून रोज नमस्कार.

तुळस धरून चार झाल्या.

रविवार, ११ ऑगस्ट

नेत्रा रोज सकाळी साडेसहाला चौकात रेडिओ लावून होणाऱ्या मुलांच्या व्यायामाला जाते आणि तिथून परस्पर सुगिमोतो-सानकडे. हे आमच्या मागच्या गल्लीतले आजोबा, वय ब्याऐंशी, एकटेच असतात. असागाओच्या कुंड्या लावतात. असागाओ म्हणजे तो पहाटे फुलून दहाला मान टाकणारा वेल, इथे पहिलीतल्या प्रत्येक पोराला शाळेतून एकेक कुंडी देतात. नेत्रा तिथे पाणी घालते, पानं मोजते, वहीत लिहिते. सुट्टीतला शाळेचा प्रकल्प आहे म्हणे.

आज येताजाता कुंपणावरून पाहिलं. पुढच्या रांगेतली फुलं अगदीच रोगट. फाटलेल्या चिंधीसारखी, पानं सुईसारखी. आजोबांना दिसत नसावं. आणि पाणी घालायला फुकट पोर मिळाली आहे. माणूस हुशार.

बुधवार, १४ ऑगस्ट

रुई मिळाली, ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये. मोठी कुंडी, जाड पान, तोडलं की पांढरा चीक. रुईची खूण चीक, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लंच टाइममध्ये दोन पानं काढली.

संध्याकाळी सर्वांना ईमेल: रिसेप्शनमधला रबर प्लांट भाड्याचा असून महिन्याने तो पानं मोजून परत जातो, तरी कृपया सहकार्य करावे. कोणाचं नाव नव्हतं. इथे नाव घालत नाहीत, फक्त सगळे तुमच्या टेबलाकडे न बघता जातात.

रबर प्लांट हे त्यांचं मत.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

वादळ. ट्रेन बंद, वर्क फ्रॉम होम. नेत्रा दुपारी गायब. भिजून चिंब होऊन आली. सुगिमोतो-सानच्या कुंड्या दोघांनी मिळून घरात नेल्या, पन्नास. मी खिडकीतून लक्ष ठेवून होतो.

जेवताना ती एकदम बोलायला लागली. अर्धं जपानी, मध्ये मध्ये मराठी. सुगिमोतो-सानच्या वारलेल्या बायकोने ही जात चाळीस वर्षं जपली. पुढची विचित्र फुलं दिसायला भारी, पण त्यांना बी धरत नाही. त्यांची भावंडं असलेले मागचे साधे वेल असतात, त्यांनाच बी धरतं, आणि त्यातून पुढच्या वर्षी एखादं विचित्र फूल निघतं. म्हणून साधे जपायचे. यंदा साधे तीनच जगलेत आणि त्यांची जबाबदारी तिच्याकडे आहे. विद्या घास हातात धरून ऐकत होती.

मीही ऐकत होतो, पण त्याच वेळी अॅपवर डोरली या पत्रीचा फोटो लोड होत होता. नेत्राने विचारलं, बाबा ऐकतोयस ना. मी म्हटलं, हो, फार छान, आणि वेल कुंडीतच लावलेत ना. तिने ताट उचललं आणि आत गेली. दमली असणार.

रविवार, १८ ऑगस्ट

धोत्रा! दातांच्या दवाखान्याच्या दारात, पुरुषभर उंच, वीतभर लांब पिवळी फुलं. आपल्याकडचा धोत्रा वर बघतो, हा खाली बघतो. जपानमध्ये धोत्रासुद्धा वाकून असतो. दोन पानं चुरगळून वास घेतला, घाम पुसला.

दुपारी २: उजव्या डोळ्याला सगळं धूसर. आरशात पाहिलं, बुबुळातलं काळं वर्तुळ चहाच्या बशीएवढं. डावं ठीक. स्क्रीनचा ताण. कामाचं प्रमाण आता मॅनेजरशी बोललं पाहिजे.

सोमवार, १९ ऑगस्ट

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, अलीकडे बागकाम केलं का. नाही म्हटलं. खरंच आहे, बाग माझी नव्हती. त्यांनी एक चित्र काढून दाखवलं, खाली बघणारं फूल. हे झाड विषारी असतं, हात लावून डोळे चोळू नयेत. दोन दिवसांत उतरेल. मी विद्याला सांगितलं, जागरणाने झालंय. विद्या म्हणाली, तू दहाला झोपतोस.

विष निघालं, म्हणजे ओळख बरोबर. अॅपपेक्षा ही पद्धत खात्रीची.

शनिवार, २४ ऑगस्ट

जोरदार प्रगती. बेल: देवळाच्या कुंपणाला, त्रिदळ, आणि काटे केवढे! तीन बोटांना बँडेड. डाळिंब: एका बंगल्याच्या भिंतीबाहेर डोकावणारं, फळासकट, इथे तर अॅपही गप्प बसलं. कण्हेर: हायवेच्या कडेला किलोमीटरभर. केवडा मिळेना, तेव्हा सुपरमार्केटमधून अननस आणला. शेंडा: लांब, कडक, कडेला काटे. केवडाच तो, फक्त खाली फळ जास्त आहे. फळ विद्याने शिऱ्यात घातलं.

अर्जुन, शमी, बोर आणि अगस्ती एकाच पार्कात मिळाले, वीस मिनिटांत. सराव झाला की नजर बसते.

विजयकुमारांचा फोन. किती झाल्या. मी म्हटलं, चौदा. ते म्हणाले, अरे वा, आणि लगेच फोन ठेवला. जळतात.

रविवार, १ सप्टेंबर

नदीकाठी माका आणि मरवा शोधायला गेलो. मिळाले, असं धरायला हरकत नाही. जाई, मालती, डोरलीचंही तसंच. एकूण वीस. (आघाडा धरून. आघाडा म्हणून रेल्वेलाइनच्या कडेचं एक तुरेवालं गवत घेतलं आहे.)

घरी आल्यावर विद्या माझ्या पँटकडे बघत राहिली. पोटरीपर्यंत हिरवे-तपकिरी काटेरी दाणे चिकटलेले. म्हणाली, हा बघ आघाडा, सख्खा नाही तर चुलत असेल, चिपळूणला आमच्या परसात असाच कपड्यांना धरायचा. मी हसलो. पत्री शोधाव्या लागतात, त्या काही आपण होऊन पँटला चिकटत नाहीत. सगळे दाणे निवडून कचऱ्यात टाकले. जळणाऱ्या कचऱ्यात, नियमाप्रमाणे.

नेत्राचा प्रकल्प पूर्ण, उद्या शाळेत देणार. जाडजूड वही. मुखपृष्ठ पाहिलं, सुंदर आहे. आत सगळं जपानीत, नंतर निवांत वाचेन.

शुक्रवार, ६ सप्टेंबर, संध्याकाळी ७

एकच राहिली: विष्णुक्रांता. लहान निळं फूल, नाजूक वेल. मंडळाच्या ग्रुपवर 'एकवीस पूर्ण' असं दुपारीच टाकलं आहे, कारण मानसिकदृष्ट्या पूर्णच होत्या.

स्टेशनवरून येताना सुगिमोतो-सानच्या कुंपणाशी थांबलो. पुढे त्या चिंध्या. पण मागच्या रांगेत, भिंतीला लागून तीन साधे वेल, त्यांवर मिटलेल्या निळ्या कळ्या! फोटो काढला. अॅप म्हणतं, विष्णुक्रांतेच्याच कुळातलं. पहिल्यांदाच अॅप आणि मी एका बाजूला. बाप्पाची इच्छा.

विचारावं का? विचार केला. जपानी माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. म्हणजे विचारणं ही त्याच्यावर जबरदस्ती. न विचारणं हेच जास्त सभ्य.

शनिवार, ७ सप्टेंबर, पहाटे ५.२०

पाचला उठलो. पहिल्यांदाच.

काम झालं. त्यांच्या शोभेच्या फुलांना बोटही लावलं नाही. मागचे तीन साधे वेलच घ्यायचे ठरवले होते, पण सगळेच नेणं बरं दिसत नाही, म्हणून एक ठेवला. दोन बुंध्यापासून कापले, चाळीस कुटुंबांना पान पान पुरायला हवं. दोन्हींवर कागदी चिठ्ठ्या बांधल्या होत्या, जपानीत काहीतरी पोरकट अक्षरात लिहिलेलं. रस्त्यावर कचरा नको म्हणून खिशात टाकल्या. बदल्यात दारात बेसनाचे तीन लाडू ठेवले, पिशवीत घालून. इथे भेट दिली की विषय संपतो.

एकवीस. मन भरून आलं.

शनिवार, ७ सप्टेंबर, दुपारी ४

जसं झालं तसं लिहितो.

पूजा अकराला सुरू. मी पत्री उचलत होतो, नाव घेत होतो. नेत्रा ताट धरून उभी, हिरवं परकर-पोलकं, तिच्या आईने पुण्याहून मागवलेलं. पिंपळाला कश्मिरा खोकली. केवड्याला परत खोकली. मला वाटलं धूप.

विष्णुक्रांता म्हटलं आणि वेल वर धरला. नेत्राने वेलाकडे पाहिलं. हळूच विचारलं, कुठून आणला. मी म्हटलं, आपल्याच मागच्या गल्लीतून. ती म्हणाली, चिठ्ठ्या होत्या. मी खिशातून काढून दिल्या. तिने त्या सरळ केल्या, वाचल्या. अक्षर तिचं होतं.

तिने ताट खाली ठेवलं, पत्री न सांडता, आणि हॉलबाहेर गेली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

विद्या तिच्यामागे गेली. कश्मिराने मला बाजूला घेऊन समजावलं. तेच, जे नेत्राने वादळाच्या दिवशी सांगितलं होतं. या वेळी अॅप उघडं नव्हतं, सगळं कळलं. तिने वेल पाण्यात ठेवले, पण शेंगा अजून कोवळ्या आहेत, बहुतेक काही उपयोग नाही. मग विजयकुमारांनी तिला विचारलं, बाकीच्या तरी खऱ्या आहेत ना. तिने ताट पाहिलं. दूर्वा, तुळस, देवदार, डाळिंब, कण्हेर. पाच. पिंपळ नाही, रुई नाही. धोत्र्याचा जवळचा नातेवाईक आहे, पण तो मुलांच्या हाताला लागू देऊ नका म्हणाली आणि टिश्यूत गुंडाळून घेऊन गेली. आघाडा नाही का, मी विचारलं. ती म्हणाली, हे नाही, आघाड्याचे दाणे कपड्यांना चिकटतात.

विजयकुमार उठले. कम्युनिटी सेंटरच्या फ्रिजमधून शिसोची दोन पाकिटं घेऊन आले. पहाटेच आणून ठेवली होती त्यांनी. जळत नव्हते.

रविवार, ८ सप्टेंबर

सकाळी दहाला सुगिमोतो-सानकडे माफी मागायला. गडद सूट, मिठाईचा खोका. नेत्रा दुभाषी म्हणून आली. तिने येणं कबूल केलं यातच मला बरं वाटलं, पण ती माझ्यासाठी नाही, कुंड्यांसाठी आली होती.

आजोबांनी आत बोलावलं. मी लांबलचक बोललो. आपल्याकडे गणपतीत पत्रीचं महत्त्व, माझा हेतू, कामाचा ताण, माझ्या डोळ्याचं झालेलं दुखणं, मग माफी. नेत्राने ऐकून घेतलं आणि जपानीत एकच वाक्य बोलली. आजोबा मान डोलावून दोन वाक्यं बोलले. मी तिला विचारलं, एवढ्या सगळ्याचं तू एका वाक्यात काय सांगितलंस. ती म्हणाली, बाबांना झाडं ओळखता येत नाहीत, असं. आणि आजोबा काय म्हणाले? ती म्हणाली, ते म्हणतात त्यांना माहीत आहे, तू रोज सकाळी रस्त्यावरच्या नानकिनहाझेला हात जोडतोस, हे ते वरच्या खिडकीतून बघतात.

मग त्यांनी राहिलेला वेल दाखवला. एक. त्यात ती जात उतरली आहे की नाही, हे पुढच्या उन्हाळ्यात पेरल्यावरच कळेल. उतरली नसेल तर संपलं. बायकोने पहिलं बी लावलं तेव्हा मुलगा पोटात होता, असं ते म्हणाले. रागावले नाहीत. वादळातही गेलं असतं, असं म्हणाले. पण वादळात नेत्राने जाऊ दिलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. याला कारण किंवा स्पष्टीकरण काही सुचत नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

अॅप काढून टाकलं. नेत्राची प्रकल्पाची वही शाळेतून आली की वाचायची. डिक्शनरी घेऊन. रोज एक पान.

शनिवार, २१ सप्टेंबर

वहीची तीन पानं झाली. (बारा दिवसांत.) दुसऱ्या पानावर तिने साध्या वेलाचं चित्र काढलं आहे, खाली पानांची मापं, मिलिमीटरमध्ये. मी हे झाड सहा वेळा पाहिलं होतं. चित्रात पहिल्यांदा बघितलं.

रविवार, २९ सप्टेंबर

राहिलेल्या वेलाच्या शेंगा वाळल्या. चौदा बिया निघाल्या. सुगिमोतो-साननी सात ठेवल्या आणि सात नेत्राला दिल्या. दोन घरांत असल्या म्हणजे एका घरात काही झालं तरी राहतील, असं त्यांचं म्हणणं. काही झालं तरी. ते ब्याऐंशीचे आहेत.

सात बिया आता आमच्या घरात आहेत. कुठे, ते विद्याला माहीत आहे. मी नेत्राला विचारलं. तिने माझ्याकडे बघून उत्तर दिलं, मराठीत, अख्खं वाक्य, क्रियापदासकट. म्हणाली, बाबा, ते तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.

मी शोधणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात काळ्या बियांच्या डब्या नऊ आहेत, आणि सापडल्या तरी मला त्या ओळखता येणार नाहीत.